चिगोलीचा चंद्र बघायला: फ्लॉरेन्स, बोलोन्या, रोम

शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राच्या तयारीसाठी माठ, कांदे, चेंडू मांडायचे आणि मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची: उजेड कुठून येतोय ते आधी बघा, मग सावली टाका. निवृत्त झाल्यावर गॅलिलिओच्या चंद्राच्या चित्रांबद्दल वाचायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की चारशे वर्षांपूर्वी या माणसाने नेमकं हेच केलं होतं. ती चित्रं आणि त्याचा मित्र, चित्रकार चिगोली याने रोमच्या एका चर्चमध्ये रंगवलेला चंद्र, यांच्याशी जोडलेली गावं बघायचीच, असं ठरवलं. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर लेकीबरोबर नऊ दिवस फ्लॉरेन्स, बोलोन्या आणि रोम केलं. कुणाला या वाटेने जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर तिथे गेल्यावर नुसतं पितळ आणि संगमरवर दिसतं. दुर्बिणीतून चंद्र बघून त्याचं चित्र काढणारा गॅलिलिओ पहिला नव्हे. इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने १६०९ च्या जुलैमध्ये काढलं होतं. त्यात चंद्राच्या उजेड-अंधारातली वेडीवाकडी सीमारेषा आहे, थोडे ठिपके आहेत आणि बस. त्या वेडेवाकडेपणाचा अर्थ काय, हे त्या चित्रात कुठेच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गॅलिलिओने चंद्र पाहिला आणि शाईच्या वॉशमध्ये, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या शाईच्या थरांत, रंगवला. अंधाऱ्या भागात सुटे उजळ ठिपके दिसतात, तासा-दोन तासांत ते मोठे होतात, म्हणजे ते डोंगरांचे माथे आहेत आणि ऊन वरून खाली उतरतं आहे, हे त्याने ओळखलं. त्याची दुर्बीण चांगली होती हे खरंच: ती वीसपट मोठं दाखवायची, हॅरियटची फक्त सहापट. पण मला वाटतं, फ्लॉरेन्समध्ये सावल्या काढायला शिकणाऱ्या चित्रकारांच्या सहवासात तो वाढला, हे कारणही तितकंच मोठं आहे. १६१० मध्ये गॅलिलिओचं या निरीक्षणांवरचं पुस्तक आल्यानंतर हॅरियटने काढलेल्या चंद्रात खळगे दिसायला लागतात. डोळा तोच होता. काय बघायचं ते आता कळलं होतं.

फ्लॉरेन्समध्ये माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. गॅलिलिओची ती मूळ वॉशची चित्रं तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. सांता क्रोचे चर्चच्या शेजारीच ती भव्य इमारत आहे. मी समजून चालले होते की कुठल्यातरी काचेच्या पेटीत ती मांडलेली असतील. तशी ती नसतात. हस्तलिखितं कायमची उघड्यावर ठेवली तर शाई आणि कागद टिकणार कसा, हे मला खरं तर आधीच सुचायला हवं होतं. मात्र त्यांच्या उत्तम प्रतिमा इंटरनेटवर आहेत. निघण्यापूर्वी त्या उतरवून घ्या, टॅबवर मोठ्या करून बघा. ब्रशचा प्रत्येक फटकारा दिसतो. कागदाचा पांढरा रंग राखून उजेड दाखवलाय, कुठेही पांढरा रंग वरून लावलेला नाही. जलरंग शिकवणाऱ्या माणसाला हे बघून भरून येतं.

आणखी एक गोष्ट त्या चित्रांबद्दल. त्याच्या दुर्बिणीतून एका वेळी चंद्राचा जेमतेम पाव भाग दिसायचा. म्हणजे पूर्ण चंद्राचं चित्र हे तुकड्यातुकड्याने बघून, मनात जुळवून काढलेलं आहे. आपल्याकडे परीक्षेत स्मरणचित्र असतं, ते मुलांना नेहमी दुय्यम वाटतं. त्यांना आता मी हेच सांगेन. छापील पुस्तकातल्या चंद्रावर सीमारेषेजवळ एक प्रचंड गोल विवर आहे. तेवढं मोठं विवर तिथे प्रत्यक्षात नाही. विवर कसं असतं ते वाचकाला कळावं म्हणून त्याने ते फुगवून काढलं आणि मजकुरात त्याची तुलना डोंगरांनी वेढलेल्या बोहेमियाशी केली. शिक्षकाने फळ्यावर आकृती मोठी करून काढावी तसं.

एक सावधगिरी. इंटरनेटवर या पुस्तकाची अशी एक प्रत दिसते, जिच्यात छापील चित्रांऐवजी हाताने रंगवलेले तपकिरी चंद्र आहेत. २००५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या बाजारात आली, मोठमोठ्या अभ्यासकांनी अस्सल ठरवली, आणि २०१२ मध्ये निक वाइल्डिंग या इतिहासकाराने ती बनावट असल्याचं सिद्ध केलं. मीही ते चंद्र कौतुकाने मोबाइलवर साठवून ठेवले होते. लेकीने दाखवून दिलं तेव्हा पुसले.

म्युझिओ गॅलिलिओ हे संग्रहालय उफिझी या प्रसिद्ध चित्रसंग्रहालयाच्या मागे, आर्नो नदीच्या काठावर आहे. मंगळवारी ते दुपारी एकलाच बंद होतं, बाकी दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. उफिझीला लोकांच्या रांगा लागलेल्या असताना इथे निवांत बघता येतं. गॅलिलिओच्या दोन दुर्बिणी इथे आहेत. लाकडाच्या नळ्या, एकीवर चामडं आणि त्यावर सोनेरी नक्षी. ज्या भिंगाला तडा गेलाय ते भिंग हस्तिदंताच्या कोरीव चौकटीत बसवलेलं आहे. गॅलिलिओच्या उजव्या हाताचं मधलं बोट काचेच्या भांड्यात ठेवलंय, त्यापाशी गर्दी असते. मी मात्र सर्वांत जास्त वेळ सांतुच्चीच्या गोलाजवळ उभी होते. १५८८ ते १५९३ या काळात बांधलेला, माणसापेक्षा उंच, सोन्याच्या मुलाम्याचा लाकडी खगोल. मधोमध पृथ्वी, भोवती ग्रहांची कडी. इतकं देखणं, इतकं पक्कं विश्व. आणि पुढे काही पावलांवर ती बारीकशी नळी, जिने ते सगळं मोडलं. या दोन वस्तू एकाच फेरीत बघा, मध्ये चहाला बाहेर जाऊ नका.

सांता क्रोचेमधली गॅलिलिओची समाधी १७३७ सालची. समोरच्या भिंतीला मायकेलअँजेलोची. मायकेलअँजेलोपाशी चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला या तिघी शोक करत बसल्या आहेत, गॅलिलिओपाशी खगोलविद्या आणि भूमिती. खरं तर रेखाटनाची देवीही इकडे हवी होती. १६१३ मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्या अकादमीने त्याला सभासद करून घेतलं होतं!

बोलोन्या एका दिवसात होतं. फ्लॉरेन्सहून वेगवान गाडीने चाळीस मिनिटांच्या आत पोचतो, जवळजवळ सगळी वाट बोगद्यांतून. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. साध्या गाडीचं कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायला विसरू नका, नाहीतर दंड बसतो.

बोलोन्याला जायचं ते सान पेत्रोनियो चर्चसाठी. डाव्या बाजूच्या भागात जमिनीवर सदुसष्ट मीटरच्या आसपास लांबीची सरळ रेषा आहे. १६५५ मध्ये कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने ती आखली. छतात सत्तावीस मीटर उंचीवर एक भोक आहे आणि भर मध्यान्ही त्यातून आलेला कवडसा बरोबर त्या रेषेवर येतो. आपण लहानपणी कौलातून येणारे कवडसे हातावर झेलायचो, ते गोल का असतात हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तो सूर्याचाच आकार. इथे तो परातीएवढा आणि लांबट पडतो, आणि बघता बघता सरकतो. रेषा ओलांडायला त्याला दोन-सव्वादोन मिनिटं लागतात. मी वहीत त्याची कड आखायचा प्रयत्न केला, पेन्सिल टेकेपर्यंत तो पुढे गेलेला. वर्षभर हा कवडसा लहानमोठा होतो. तो मोजून कॅसिनीने सूर्याचं अंतर किती बदलतं ते काढलं, आणि जुन्या गणितापेक्षा, ग्रह लंबवर्तुळात फिरतात म्हणणाऱ्या केप्लरचं गणित जुळलं. हे पोपच्या राज्यातल्या चर्चमध्ये, पृथ्वी फिरते म्हटल्याबद्दल गॅलिलिओवर चर्चने भरलेल्या खटल्यानंतर अवघ्या बावीस वर्षांत.

वेळ नीट सांभाळा, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आम्ही २५ ऑक्टोबरला गेलो तेव्हा कवडसा रेषेवर आला तो एकला एखादं मिनिट कमी असताना. दुसऱ्या दिवशी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, युरोपातली घड्याळं तासाने मागे गेली, आणि त्यानंतर रोममध्ये हीच घटना बाराला सहा मिनिटं कमी असताना घडत होती. त्या दिवसाची मध्यान्हाची वेळ आधी शोधून ठेवा, वीस मिनिटं अगोदर जागा धरा, आणि ढग असतील तर सरळ दुसरा दिवस बघा. रोमलाही सांता मारिया देल्यी आंजेली चर्चमध्ये अशीच रेषा आहे, १७०२ सालची, बियांकिनी या खगोलशास्त्रज्ञाची. तिच्या कडेला रंगीत संगमरवरात राशींची चित्रं बसवली आहेत. ते स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे, त्यामुळे बोलोन्या जमत नसेल तर हे नक्की करा.

आता रोममधलं ते ठिकाण, ज्याच्यासाठी खरं तर सगळा प्रवास होता. लुदोविको चिगोली हा फ्लॉरेन्सचा चित्रकार, गॅलिलिओचा जिवलग मित्र. पोप पाचवा पॉल याने सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये बांधलेल्या पावलिना चॅपेलचा घुमट त्याने १६१० ते १६१२ या काळात रंगवला. याच चर्चच्या घुमटावर दुर्बीण लावून तो सूर्यावरचे डाग बघायचा आणि चित्रं काढून गॅलिलिओला पाठवायचा. घुमटात मेरी चंद्रावर उभी आहे. तो चंद्र शतकानुशतकं चित्रकार गुळगुळीत, काचेसारखा काढत आले होते, कारण तो तिच्या निर्मळपणाची खूण. आपल्याकडे चंद्राच्या डागात ससा बघून त्याला शशांक म्हटलं, डाग कुणाला खुपला नाही. तिथे मात्र डाग म्हणजे अडचण होती. चिगोलीने दुर्बिणीतून दिसला तसा चंद्र काढला: कड फाटल्यासारखी, आत गोल खळगे. पोपच्या चॅपेलमध्ये, मेरीच्या पायाखाली.

बघायचं कसं ते सांगते. चर्च सकाळी सातला उघडतं, तेव्हाच जा. पोप फ्रान्सिस यांची समाधी २०२५ च्या एप्रिलपासून याच चर्चमध्ये, या चॅपेलला लागूनच आहे, आणि तिच्यासाठी मोठ्या रांगा लागतात. प्रवेशाला पैसे नाहीत, पण सुरक्षा तपासणी आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आमच्या पंजाबी ड्रेसला काही अडचण आली नाही. मुख्य वेदीकडे तोंड केलं की पावलिना चॅपेल डाव्या हाताला. तिथे लोक प्रार्थनेला येतात, म्हणून मोबाइल खिशात ठेवा, बाकावर बसा आणि वर बघा. साध्या डोळ्यांनी चंद्र फारच लहान दिसतो. पक्षी बघायला नेतो तसली आठपटीची द्विनेत्री मी नेली होती. रखवालदाराला आधी खुणेने विचारलं, त्याने मान हलवली. द्विनेत्री स्थिर झाली आणि ते खळगे दिसले. लेक हळूच म्हणाली, “आई, हा तुझ्या वर्गातला कांदा आहे गं, शेडिंग तसंच केलंय.” मी काही बोलू शकले नाही. कितीतरी वेळ आम्ही दोघी द्विनेत्री आलटून पालटून घेत होतो.

याच चिगोलीने १६११ च्या ऑगस्टमध्ये गॅलिलिओला लिहिलं होतं की गणिती कितीही मोठा असला तरी त्याला रेखाटन येत नसेल तर तो अर्धाच गणिती, आणि शिवाय बिनडोळ्यांचा माणूस. रोख होता क्लाव्हियस या जेझुइट पंथाच्या नामांकित धर्मगुरू-गणितज्ञावर, ज्याला चंद्रावरचे डोंगर पटत नव्हते. मला शक्य असतं तर हे वाक्य प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकावर छापलं असतं, जिथे चित्रकलेचा तास दर परीक्षेआधी गणिताला दिला जातो.

व्हॅटिकनच्या संग्रहालयात सगळे सिस्टिन चॅपेलकडे धावतात. तुम्ही आत शिरल्यावर आधी पिनाकोतेकाकडे, म्हणजे चित्रदालनाकडे, वळा. तिथे दोनातो क्रेती या चित्रकाराची १७११ मधली आठ छोटी चित्रं आहेत: सूर्य, चंद्र, पाच ग्रह आणि धूमकेतू. माणसं दुर्बिणी घेऊन रानात उभी आहेत आणि आकाशात दुर्बिणीतून दिसतो तेवढा मोठा ग्रह टांगलेला. ग्रह रायमोंदो मांझिनी या सूक्ष्मचित्रकाराने रंगवले. बोलोन्यात वेधशाळा व्हावी म्हणून काउंट मार्सिलीने ही चित्रं करवून पोपना भेट दिली, आणि वेधशाळा उभी राहिली. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण तो दिवस टाळा. एरवी रविवारी बंद.

खाण्याचं थोडक्यात: फ्लॉरेन्समध्ये रिबोलिता नावाचं पाव, घेवडा आणि भाज्यांचं दाट सूप मिळतं, शाकाहारी माणसाचं पोट भरतं, पण आत मांसाचा तुकडा घातलाय का ते विचारून घ्या. हॉटेलात दर रात्रीचा शहर-कर वेगळा द्यावा लागतो, थोडी रोकड ठेवा. रोमच्या रस्त्यांवरच्या नळांचं पाणी पिण्याजोगं आहे, रिकामी बाटली बरोबर असू द्या. टर्मिनी स्टेशनच्या आसपास पर्स पुढे धरा.

आणि शक्य असेल तर रोमचे दिवस शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या सुमारास येतील असे ठरवा. आमचं तसं जुळून आलं. २९ ऑक्टोबरला संध्याकाळी पाचलाच अंधारायला लागलं, आणि माज्जोरेच्या पायऱ्यांवरून दक्षिणेला, बरीच खाली, अर्धी चंद्रकोर दिसत होती. सकाळचीच द्विनेत्री लावली. कड फाटकी होती. मी वही मांडीवर घेतली, लेक द्विनेत्री धरून काय दिसतंय ते सांगत राहिली, आणि मी कागदाचा पांढरा राखून भोवती सावली टाकत गेले.