प्लास्टरचं पॅरिस

पेणला आमच्या घरामागेच गणपतीचा कारखाना होता. दिवाळी सरली की प्लास्टरच्या गोण्या उतरायच्या. कारागीर घमेल्यातल्या पाण्यात पांढरी पूड सोडायचे, त्यात काथ्या बुडवून साच्याच्या आतून थापायचे. थोड्या वेळाने साचा बाहेरून कोमट लागायचा. शाळेतून आले की मी तिथे जाऊन तळहात टेकवायची. विस्तव नाही, ऊन नाही, मग ही ऊब कुठली? तेव्हापासून 'प्लास्टर ऑफ पॅरिस'मधलं पॅरिस मनात राहिलं होतं.

गेल्या मे महिन्यात भाच्याकडे पॅरिसला गेले तेव्हा त्याला सांगितलं, बाकीचं नंतर, आधी मला त्या प्लास्टरचा दगड जिथून निघायचा ती खाण दाखव.

"मावशी, खाण आता कुठली? तिथे बाग आहे."

"मग बाग दाखव."

बागेचं नाव ब्यूत-शोमों. शहराच्या ईशान्येला, मेट्रोच्या ७ बिस मार्गावर. स्टेशनात उतरल्यावर फक्त एकच फलाट दिसतो, पलीकडे जाडजूड भिंत. दुसऱ्या दिशेचा फलाट त्या भिंतीमागे. वरची टेकडी जिप्समसाठी, म्हणजे प्लास्टर ज्या दगडापासून होतं त्यासाठी, पोखरलेली, जमिनीचा भरवसा नाही, म्हणून दोन फलाटांमध्ये ही भिंत उभी केली. बाग अजून दिसलीही नव्हती, पण खाण भेटली.

पूर्वी या टेकडीवर गवतसुद्धा नीट उगवत नसे. शोमों या नावाचा अर्थच मुळी 'बोडका डोंगर'. जवळच मोंफोकोंचा फाशीचा माळ होता. पुढे या भागात मेलेली घोडी कापायचे, शहराचा मैला आणून टाकायचे. त्यातच खाणी. १८६० साली हा भाग पॅरिसमध्ये आला आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत शहराचा प्रशासक ओसमान याने शहर नव्याने बांधायला काढलं, तेव्हा अल्फां या अभियंत्याकडे इथे बाग करायचं काम आलं. १८६४ ला सुरुवात, १ एप्रिल १८६७ ला बाग खुली. तीन वर्षांत सुमारे २५ हेक्टर! सुरुंग लावून कडे हवे तसे फोडले, माती बाहेरून आणून पसरली, तळ्यासाठी ऊर्क कालव्याचं पाणी पंपाने वर चढवलं.

तळ्याच्या मधोमध उभा सुळका आहे आणि त्याच्या डोक्यावर खांबांचं छोटं गोल देऊळ. तिथून मोंमार्त्रची टेकडी आणि तिच्यावरचं पांढरं चर्च समोर दिसतं. मोंमार्त्रच्या पोटातही जिप्समच्याच खाणी. या दोन टेकड्यांमुळे तर त्या पुडीला शहराचं नाव मिळालं. आपल्याकडचं जिप्सम बहुतेक राजस्थानातून येतं. पॅरिसचं त्यात उरलंय ते नुसतं नाव.

झुलत्या पुलावरून लोक जात होते, मी मात्र गुहेपाशी थांबले. जुन्या खाणीचं हे एक तोंड. आत जवळजवळ वीस मीटर उंचीवरून पाणी कोसळतं आणि छताला दगडी झुंबरं लोंबतात, पाण्यातल्या चुन्याने हजारो वर्षांत तयार होतात तशी. ती सगळी माणसांनी सिमेंटमध्ये घडवलेली आहेत. बागेतले कठडेही जवळ जाऊन पाहिले. लाकडाची साल, गाठी, तोडलेल्या फांद्यांचे बुंधे, सगळं सिमेंटचं. खोटं म्हणून मला ते मुळीच कमी वाटलं नाही. गवंड्याच्या हाताने झाडाची साल काढायची म्हणजे आधी झाड किती निरखलं असेल! पेणच्या कारागिरांची बोटं मला तिथे दिसत होती.

भाच्याला मी गुहेतच जिप्सम समजावलं. हा पाणी पोटात धरून बसलेला दगड. साधारण १५० अंशांवर भाजला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि मऊ पूड उरते. पुन्हा पाणी दिलं की पूड ते आत घेते, बारीक स्फटिक एकमेकांत गुंततात आणि परत दगड होतो. भाजताना घेतलेली उष्णता तेव्हा बाहेर पडते. माझ्या लहानपणीच्या तळहाताला लागलेली ऊब ती हीच.

बाहेर उतारावरच्या हिरवळीवर माणसं मजेत पहुडली होती. कुणाची लेकरं गडगडत खाली जात होती, कुणी पाव-चीज काढून बसलं होतं. आम्हीही दशम्या सोडल्या. मैला आणि मेलेल्या घोड्यांच्या जागेवर आपण जेवतोय, हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, जेवून झाल्यावर सांगायचंस."

गुहेचे फोटो मी तिथूनच पेणला, कारखान्यातल्या दादांना पाठवले. आता ते सत्तरीचे आहेत, साचे मुलगा बघतो. दिवसभर काही उत्तर आलं नाही. रात्री एकच ओळ आली: "एवढं लांब लोंबतंय, तर आत काय घातलंय विचारलंस का?"