लगामाची ढील

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आयाळीवर जात नाही. आयाळ विंचरलेली असणार, खूर तेलाने चमकवलेले असणार, हे त्याला ठाऊक असतं. तो घोडा चालवतो, वळवतो, लगाम जरासा सैल सोडून जनावर कुठल्या अंगाला झुकतं ते बघतो. दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी घेताना मात्र तोच माणूस सीटकव्हर चाचपतो, टेप वाजवतो आणि किलोमीटरचा आकडा खरा धरून बसतो. विकणाऱ्याने तोवर डॅशबोर्ड पुसलेला असतो, टायरला काळं फासलेलं असतं, स्टिअरिंगवर नवं शिवलेलं कव्हर चढवलेलं असतं. त्या कव्हराखालच्या स्टिअरिंगचं वागणं तेवढं पुसता येत नाही.

पहिली तपासणी गाडी जागेवरून न हलवताच होते. सपाट जागी चाकं सरळ ठेवायची, इंजिन चालू करायचं आणि दोन बोटांनी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं. पुढचं चाक हलायला लागेपर्यंत स्टिअरिंगची कड जितकी फुकट फिरते, तितकी ढील. मिस्तरी तिला ‘प्ले’ म्हणतात. कडेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून पट्टीने मोजली तर वाद उरत नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत ही मर्यादा ३० मिमीपर्यंत दिलेली असते, म्हणजे जेमतेम दोन बोटं. तीन-चार बोटं भरली तर खाली वाकायची वेळ आली.

वाकून बघायचं कारण असं की ही ढील सहसा एका जागी नसते. शेतीच्या वाटणीसारखी ती सगळ्या भावांत विखुरलेली असते. स्टिअरिंगच्या दांड्यावर एक-दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारे सांधे), पुढे पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक, मग त्याने डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी पट्टी म्हणजे रॅक, रॅकच्या टोकाला रॅक एंड हा सांधा, त्यापुढे चाक वळवणाऱ्या टायरॉड या दांड्याच्या टोकाचा सांधा म्हणजे टायरॉड एंड आणि शेवटी चाकाचं बेअरिंग. प्रत्येकाने केसभर खाल्लं तरी बेरीज बोटांत मोजावी लागते.

वाटणी शोधायला दोन माणसं लागतात. गाडी जमिनीवरच ठेवून एकाने स्टिअरिंग थोडं थोडं हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं; झिजलेल्या सांध्यात टकटक जाणवते. मग पुढचं चाक जॅकवर उचलायचं, गाडीखाली घोडी म्हणजे लोखंडी टेकू लावायचा (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालणारे अजून पुष्कळ आहेत) आणि चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवायचं. इथे खेळलं तर संशय टायरॉड एंड किंवा रॅक एंडवर. बारा आणि सहाच्या जागी खेळलं तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट (गोळीचा सांधा). त्या दोघांतला गुन्हेगार ठरवायलाही सोपी युक्ती आहे: कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचा. खेळ थांबला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट.

टायरॉड एंड ही काही शे रुपयांची वस्तू, पण बदलताना गडबड होते ती नेमकी इथेच. स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुमडती पिन) काढून नट सैल केल्यावर टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या भोकात, रुतलेला एंड निघत नाही, आणि मग हातोडा थेट आट्यांवर बसतो. सांधा ओढून सोडवणारा पुलर लावावा. तो नसेल तर ज्या डोळ्यात टेपर बसलेला असतो त्याच्या बाजूवर ठोका द्यावा, आट्यांवर नाही. जुना एंड फिरवून काढताना किती फेऱ्यांत निघाला ते मोजून ठेवायचं आणि नवा तितक्याच फेऱ्या बसवायचा. एवढं केल्यावरही अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावीच लागते; मोजलेल्या फेऱ्या गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ नेण्यापुरत्या. स्प्लिट पिन दरवेळी नवी. जुनी सरळ करून पुन्हा घालण्यात वाचतात ते दोन-चार रुपये.

आता ढिलीवरचा सर्वात लोकप्रिय आणि सर्वात वाईट उपाय: ‘रॅक टाइट करून देतो.’ रॅकच्या पाठीमागे एक स्प्रिंग आणि तिला दाबणारा अॅडजस्टिंग नट असतो. तो आवळला की ढील तिथल्या तिथे गायब होते, गिऱ्हाईक खूश, मिस्तरीही मोकळा. पण गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चालते, म्हणून रॅकचे दात मध्यभागी जास्त झिजतात, टोकांना जवळजवळ कोरे राहतात. मधल्या झिजेच्या हिशोबाने आवळलं की टोकाला रॅक अडकते. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ यायला हवं, ते तिथेच रुसून बसतं. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना किंवा तोरणमाळच्या वळणांवर असं स्टिअरिंग हातात असणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याने समजावं. थोडं आवळणं नियमात बसतं, पण आवळल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून कुठे अडतंय का ते बघणं त्याच नियमाचा भाग आहे.

दात झिजतात ते नुसते वयाने नाही. रॅकच्या दोन्ही टोकांना अकॉर्डियनसारखे घड्यांचे रबरी बूट असतात. बूट फाटला की आतल्या ग्रीसमध्ये धूळ शिरते आणि वंगणाचा घासपेपर होतो. आपल्याकडे हे लवकर होतं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पावसाळ्यात काळी माती चाकाला, चाक धरणाऱ्या आर्मला, बुटाला लिंपून बसते. वाळली की दगड. तो दगड घडीत अडकलेला असताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की रबर चिरतं. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास टेकतो, तेव्हा आधीच जुनं झालेलं रबर भेगा धरतं. पावसाळा सरताना एकदा खालून नुसत्या पाण्याने धुऊन बूट बघितला तर काम बुटावर भागतं, नाहीतर रॅकवर जातं. धुताना प्रेशरचा फवारा मात्र रबरावर जवळून मारायचा नाही.

दुसरी तक्रार गावोगाव ऐकू येते: ‘गाडी डावीकडे वढी ऱ्हायनी.’ यात निम्मा दोष रस्त्याचा असतो. पाणी निघून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, आणि आपण डावीकडून चालतो. किंचित डावीकडे ओढ असणं हे आजारपण नव्हे. सपाट, मोकळ्या जागी, कमी वेगात, हात सोडून नव्हे तर सैल ठेवून बघायचं. खरोखर ओढत असेल तर आधी हवा. तीही सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. तापमान पाच-सहा अंश वाढलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. भर दुपारी तापलेल्या टायरची ‘जास्त’ हवा काढणारा दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर निघतो.

हवा बरोबर असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी घालून बघावीत, टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर. ओढ बाजू बदलून उजवीकडे गेली तर दोष टायरचा, अलाइनमेंटचा नाही. ही फुकटातली तपासणी टाळून लोक तीन-तीनदा अलाइनमेंट करून येतात आणि यंत्राला नावं ठेवतात. टायर निर्दोष निघाला तर थोडी गाडी चालवून दोन्ही पुढच्या रिमवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. एका बाजूला चर्र झालं आणि दुसरीकडे नाही, तर तिथला ब्रेक अडकून राहतोय. एवढं सगळं झाल्यावर अलाइनमेंट, आणि तीही ढिले सांधे बदलल्यावर. खुळखुळ्या टायरॉडवर केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते.

थरथरीचं मात्र सोपं आहे. ८०-९०च्या वेगाला हात थरथरले आणि त्याहून कमी-जास्त वेगाला थांबले तर चाकांचं बॅलन्सिंग. रिमच्या आत वाळलेला चिखलही हे करतो, म्हणून पैसे देण्याआधी रिम धुवावी. फक्त ब्रेक मारताना थरथरलं तर ब्रेकची डिस्क.

जड स्टिअरिंगला मात्र वेळ द्यावा लागतो. ‘गय जड शे’ (फार जड आहे) एवढ्यावर निदान होत नाही. कसं जड, ते विचारावं लागतं. एका फेरीत हलकं-जड-हलकं-जड असं लागत असेल तर दांड्यावरचा युनिव्हर्सल जॉइंट गंजून आखडला आहे. वळवताना पुढच्या स्प्रिंगमधून ‘टुंग’ असा आवाज येऊन झटका बसतो, तेव्हा शॉकअपच्या वरचं बेअरिंग जाम असतं. स्प्रिंगवर हात ठेवला की ती उडी मारताना कळते. कुणी हौसेने रुंद टायर चढवले असतील तर दोष हौसेचा.

तेलाच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये आधी डबीतली पातळी बघायची. तेल कुठलं ते झाकणावर किंवा पुस्तिकेत असतं. ‘लाल दिसतंय, टाका’ हे प्रमाण नव्हे. काळपट आणि जळका वास म्हणजे बदलायची वेळ. फेस म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय. हवा काढायला पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग सावकाश या टोकाहून त्या टोकाला १०-१५ वेळा फिरवायचं आणि मधे मधे डबी भरत राहायची. तेल कमी होतंय पण जमिनीवर डाग नाही, असं झालं तर रॅकचा बूट दाबून बघावा. आत पचपचलं तर रॅकचं सील गेलंय, तेल बुटात साठतंय. आणि पार्किंग करताना स्टिअरिंग शेवटाला नेऊन तिथेच दाबून धरायची सवय सोडावी. तेव्हा येणारी किंकाळी पंपाची असते.

विजेच्या स्टिअरिंगला तेल नाही, पण बॅटरीचा आधार लागतो. चावी फिरवल्यावर स्टिअरिंगच्या चिन्हाचा दिवा पेटून इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळीच पेटत नसेल तर कुणी तरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळत नसतील तर आधी बॅटरी भरणारा अल्टरनेटर आणि बॅटरीची टोकं, मग स्टिअरिंग वळवायला मदत करणारी मोटर. आठवडी बाजारच्या गर्दीत जागेवरच दहा वेळा आगेमागे करताना मोटर तापून स्वतःच मदत कमी करते; थोडं थांबलं की पूर्ववत होते. त्याला बिघाड समजून स्टिअरिंगच्या दांड्याचा अख्खा कॉलम बदलणारेही आहेत.

घ्यायच्या गाडीचं स्टिअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं दिसतंय का, हेही बघावं. ते सरळ करायचा रस्ता दोन्ही टायरॉडमधून जातो, एक बाजू जितकी लांबवली तितकीच दुसरी आखडून. स्टिअरिंगच उपटून दोन दात पलीकडे बसवणं हा शॉर्टकट. एअरबॅगच्या गाडीत त्यामुळे खालची क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी) तुटू शकते आणि एअरबॅगचा दिवा कायमचा मुक्कामाला येतो. मग खाली उतरून पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली, तो कोन) बिघडलेली आहे, आणि बरेच दिवस.

यातलं बहुतेक सगळं दुरुस्त होतं. टायरॉड एंड, बूट, बेअरिंग निघालं तर गाडी सोडायची नाही, भाव पाडायचा. पण टायरॉडवर, आर्मवर किंवा रॅक धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर वेल्डिंगचा डाग दिसला, तर आणलेला चहा प्यावा, शेतातल्या कापसाची विचारपूस करावी आणि एसटीने घरी यावं.