तुम्ही विचारलंत म्हणून: गवत लावायला इतक्या लांब?

“मावशी, तुम्ही अमेरिकेत जाऊन गवत लावता का हो?” मोबाइलमधला फोटो दाखवला की रामबागेत हा प्रश्न हमखास येतो. २०२४च्या जुलैत आपल्या इंदूरने रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांवर रोपं लावली, तेव्हापासून तर जास्तच. झाडं लावायची तर इथे लावा ना, असंही त्यात असतं. इथेही लावतेच. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

लेक जॉर्जियात असते. हिवाळ्यात तिच्याकडे गेले की सुटीच्या दिवशी आम्ही दोघी रोपं लावायला जातो. फोटोत दिसतंय ते गवत नाही, लाँगलीफ पाईन आहे. हे रोप पहिली काही वर्षं उंच होतच नाही. जमिनीलगत लांब सुयांचा झुबका तेवढा दिसतो, सगळा जोर खाली सोटमुळात जातो. झुबक्याच्या मधोमध चंदेरी-पांढरा कोंब असतो. पहिल्या वर्षी मी सवयीप्रमाणे माती वर ओढून हाताने दाबली, तर शेजारी लावणाऱ्या बाईंनी वाकून बोटाने ती हळूच बाजूला केली. कोंब गाडला गेला की रोप गेलंच.

त्या कोंबाला सुयांचं कवच लागतं ते आगीसाठी. तिथे दर दोन-तीन वर्षांनी, वारा आणि ओल बघून, जाणती माणसं रान मुद्दाम पेटवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगर पेटला की जीव तुटतो. मलाही तिथे पहिल्यांदा बघवलं नव्हतं. पण ते रान विजेने लागणाऱ्या वणव्यांतच घडलेलं आहे. सुया जळतात, कोंब वाचतो. आग बंद केली की झुडपं माजतात, सावली दाटते, खालचं गवत मरतं. मग गवतावर जगणारं गोफर कासव उपाशी पडतं. हे कासव लांबलचक बिळं खणतं आणि त्या बिळांत साप, बेडूक, किडे अशा ३५०हून जास्त जाती आसरा घेतात. म्हणून नुसती झाडं मोजून माझं समाधान होत नाही. लाकडासाठी लावलेल्या दुसऱ्या पाईनच्या दाट रांगा तिथे खूप आहेत. त्यांच्याखाली मी वाकून पाहिलंय, सुयांचा पाचोळाच असतो.

व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत हे रान एके काळी सुमारे ९ कोटी एकर होतं. लाकूड, राळ, शेती यांपायी १९९०च्या दशकापर्यंत शंभरातले तीन-चार एकर उरले.

आणि त्याच रानातला तो सुतारपक्षी! रेड-कॉकेडेड म्हणतात त्याला. जिवंत पाईनमध्येच ढोली कोरतो, ती कोरण्यात कधी कधी वर्षानुवर्षं घालवतो, आणि भोवती छिद्रं पाडून राळ वाहती ठेवतो, म्हणजे साप वर चढत नाही. त्याला गाभा मऊ झालेली म्हातारी झाडं लागतात. १९८९च्या ह्यूगो वादळात साउथ कॅरोलायनात अशी झाडं मोडून पडली, तेव्हा माणसांनी उरलेल्या खोडांत खाचा पाडून लाकडी घरटी बसवली. पक्षी त्यांत राहायला आले! २०२४मध्ये तो ‘संकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली, ‘धोक्यात’ या कमी गंभीर वर्गात आला. ती बातमी मी लेकीला दोनदा वाचून दाखवली.

आता फोटो पुन्हा बघा. बोटांनी मोठा करा. मधला तो पांढरा ठिपका दिसला?