बॉलला न दिसणारं लाकूड

पूल या टेबलावर बॉल मारायच्या खेळात क्यूच्या, म्हणजे काठीच्या, टोकावरची टिप आणि बॉल यांची गाठ पडते ती जेमतेम एक-दोन मिलिसेकंद. तेवढ्यात बॉलला जे कळायचं ते कळतं: वेग किती, दिशा कोणती, फिरकी कुठली. क्यूचा बट, म्हणजे मागचा जाड भाग, आबनुसाचा आहे की साध्या मेपलचा, मुठीवर आयरिश लिनन गुंडाळलंय की चामडं, जडावाचं काम चांदीचं आहे की प्लॅस्टिकचं, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. तरीही ५८ इंचांच्या या काठीसाठी लोक कारागिराकडे नाव नोंदवून महिनोन्महिने थांबतात आणि मोटरसायकलच्या किमतीला ती घरी आणतात. हा शौक आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. पण शौक कुठे संपतो आणि उपयोग कुठे सुरू होतो, हे क्यू हातात घेऊन टोकाकडून मागे बघत गेलं की छान उलगडतं.

आपल्याकडे पूल खेळणारे बरेच जण स्नूकरच्या टेबलावरून आलेले असतात. त्यांच्या हाताला अॅशच्या लाकडाचा, पितळी फेरूलचा (टिपेखालच्या कड्याचा), साडेनऊ-दहा मिलिमीटर टिपेचा शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, सवयीचा. पूलची १३ मिलिमीटरची टिप त्यांना सोट्यासारखी वाटते. ती तशी असायला कारण आहे. स्नूकरचा बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा, पूलचा ५७.१५; वजन १५६ ते १७० ग्रॅम. हा जड बॉल ढकलायला पुढचं टोकही दणकट लागतं. स्नूकरच्या सवयीच्या माणसाने क्यू करून घ्यायची तर साडेबारा मिलिमीटरच्या आसपासची टिप सांगावी. नियमांची आडकाठी नाही. ते फक्त टिप १४ मिलिमीटरपेक्षा रुंद नको, क्यू ४० इंचांपेक्षा आखूड नको आणि २५ औंसांपेक्षा जड नको एवढंच म्हणतात. बहुतेकांच्या क्यू १९ औंसांच्या, म्हणजे ५४० ग्रॅमच्या आगेमागे असतात.

टिप चामड्याची. हल्ली डुकराच्या चामड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेल्या जपानी टिपा चालतात. मऊ टिपेने फिरकी जास्त मिळते हा समज पूल पार्लरमध्ये पक्का रुजलेला आहे. फिरकी ठरते ती मध्यापासून किती बाजूला मारलं त्यावर, आणि तिथेही मर्यादा आहे: बॉलच्या त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे साधारण १४ मिलिमीटर. त्यापलीकडे गेलात की टिप सटकते, मग ती कितीही महागडी असो. मऊ टिप खडू जरा जास्त धरते आणि लवकर दबते, इतकाच फरक. मध्यम घ्यावी आणि विषय संपवावा.

टिप बसवायला मात्र स्वतः शिकावं, कारण चांगल्या क्यूचा सत्यानाश बहुधा याच कामात होतो. जुनी टिप धारदार ब्लेडने कापायची आणि फेरूलवरचा वाळलेला गोंद पूर्ण खरवडून काढायचा. नवी टिप दोन दिवसांत उडाली तर दोष गोंदाचा क्वचितच असतो. खाली जुना थर राहिलेला असतो नाहीतर टिपेचा तळ सपाट नसतो. म्हणून काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर टिपेचा तळ घासून घ्यायचा. घट्टसर सायनोअॅक्रिलेट गोंदाचा एक थेंब मधोमध टाकायचा, सरळ दाबून धरायचं, आणि घाई न करता सुकू द्यायचं. मग शाफ्ट उलटा करून टिप लाकडी फळीवर टेकवायची, फेरूलला चिकटपट्टी लावायची आणि बाहेर आलेलं चामडं वरून खाली ब्लेडने थोडं थोडं तासायचं. कडा ओलसर करून चामड्याच्या पट्टीने जोरात घासल्या की त्या कडक, काळसर आणि चकचकीत होतात. ही घासणी टाळली की आठवड्याभरात टिप छत्रीसारखी बाहेर फुगते. शेवटी माथ्याला गोलाई द्यायची. अमेरिकेत पाच सेंटच्या नाण्याची गोलाई प्रमाण धरतात, त्रिज्या साडेदहा मिलिमीटर; दहा सेंटच्या नाण्याची नऊ, ती जरा टोकदार.

आता मुद्द्याचं. उजवीकडे साइड मारली, म्हणजे बॉलच्या मध्याच्या उजवीकडे टिप लावली, की बॉल किंचित डावीकडे सरकून निघतो. याला डिफ्लेक्शन म्हणतात, आणि ते ठरतं शाफ्टच्या अगदी पुढच्या काही इंचांच्या वजनावर. टिप बॉलला टेकलेली असते तेवढ्या क्षणात आडवा धक्का त्या इंचांच्या मागे फारसा पोचूच शकत नाही. टोक हलकं असेल तर बॉल कमी सरकतो. म्हणून डिफ्लेक्शन कमी करायचं असेल तर शाफ्टचं टोक आतून पोखरतात आणि फेरूल आखूड, हलकं करतात. कार्बन फायबरच्या शाफ्टचा मोठा फायदाही हाच.

पार्लरमधल्या काठीचा खरा त्रास इथे आहे. ती वाकडी असते हे दिसतं तरी. पण आज हातात आलेली किती सरकवते आणि काल होती ती किती, हे कळायला मार्ग नाही. हाताने एका काठीवर शिकलेली भरपाई दुसरीवर चुकते. क्यू आपली असली की हा आकडा कायमचा पक्का होतो. तो टेबलावर मोजताही येतो. लांब, सरळ शॉट लावायचा आणि बरोबर मध्यावर नेम धरायचा. पुढचा हात जागेवर ठेवून फक्त मागचा हात बाजूला सरकवायचा, म्हणजे टिप मध्यापासून थोडी बाजूला जाईल. क्यू शक्य तेवढी आडवी ठेवून जोरात मारायचं. हळू मारलं तर बॉल वाटेत वळतो आणि हिशेब बिघडतो. समोरचा बॉल पूर्ण बसला तर पुढच्या हाताचं बॉलपासूनचं अंतर बरोबर. क्यू बॉल (क्यूने मारलेला पांढरा बॉल) साइडच्या बाजूला गेला तर हात जरा मागे घ्या, उलट बाजूला गेला तर पुढे. साध्या मेपलच्या शाफ्टला हे अंतर पुष्कळदा ८ ते १२ इंचांत सापडतं, हलक्या टोकाच्या शाफ्टला त्याहून लांब. ते एकदा सापडलं की टिप बदलल्यावर सोडून पुन्हा शोधावं लागत नाही.

मागे सरकू. शाफ्टचं लाकूड हार्ड मेपल. ते रंगाने पांढरंशुभ्र आहे की नाही यापेक्षा रेषा बघाव्यात: टोकापासून जॉइंटपर्यंत, म्हणजे शाफ्ट आणि बट जोडतात तिथपर्यंत, त्या समांतर धावल्या पाहिजेत. मध्येच कडेने बाहेर पडणारी रेषा म्हणजे पुढे बाक येणार याची आगाऊ सूचना. लहान तपकिरी ठिपके दिसले तर घाबरू नये, ते मेपलचं अंगचंच असतं. चांगला कारागीर शाफ्ट एका दमात कातत नाही. लेथवर थोडं कातायचं, आठवडेच्या आठवडे टांगून ठेवायचं, लाकूड हललं तर हलू द्यायचं, मग पुन्हा थोडं. यात बरेच शाफ्ट वाकून बाद होतात, आणि किमतीत त्या बाद झालेल्यांचाही वाटा असतो. उताराचा, म्हणजे शाफ्ट टोकाकडे कसा निमुळता होतो त्याचा, प्रकार ऑर्डर देतानाच सांगावा. टिपेमागे १० ते १४ इंच जाडी जवळजवळ सारखी ठेवतात तो अमेरिकी पद्धतीचा. बोटांमधून सरकताना जाडी बदलत नाही, त्यामुळे बंद ब्रिज (तर्जनीचं कडं करून त्यातून क्यू सरकवण्याची पकड) करणाऱ्याला तोच आवडतो.

जॉइंटवरून लोक तावातावाने भांडतात: स्टीलचा की लाकडाला लाकूड भिडवणारा. मला विचाराल तर फरक कानाला जास्त कळतो. स्टीलचा 'टक्', लाकडाचा 'टॉक'. मध्येच झणझण ऐकू आली तर आधी जॉइंट घट्ट करून बघा, मग मागच्या रबरामागचा वजनाचा बोल्ट, मग टिप आणि फेरूल. हे सगळं घट्ट असूनही झणझण राहिली तर बटमधला, मुठीखाली लपलेला जोड ढिला असतो, आणि ते काम कारागिराचं.

आणि मग येतो बट, जिथे बॉलला काहीही घेणंदेणं नाही आणि सगळे पैसे तिथेच लागतात. जुन्या अमेरिकी धाटणीच्या क्यूत मेपलमध्ये आबनुसाचे चार भाले वर चढलेले दिसतात. ते रंगवलेले नसतात. लाकडात इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या खाचा पाडून त्यात आबनुसाचे तुकडे बसवतात, मध्ये रंगीत व्हिनिअरचे पातळ थर देतात, आणि गोंद वाळल्यावर सगळं लेथवर कातत आणतात. खाच तिरकी आणि बट निमुळता असल्यामुळे टोक आपोआप सुईसारखं निघतं. चारही टोकं एका उंचीवर संपायला हवीत. एक जरी खाली-वर असलं तर कुठेतरी खाच कमी-जास्त झाली. टोकं बोथट गोलसर असतील तर ते फिरत्या कटरने कोरून भरलेलं काम समजावं. आणि भिंगाखाली बारीक छपाईचे ठिपके दिसले, तर तो चक्क स्टिकर आहे.

ब्रुकलिनमध्ये काम करणाऱ्या जॉर्ज बालाबुश्का यांच्या क्यू आज संग्राहक जपून ठेवतात. त्यांचा जन्म रशियातला, १९१२चा. निधन १९७५ साली. गंमत म्हणजे त्यांच्या क्यूंवरचे हे भाले त्यांचे नव्हेत. आधी ब्रन्सविक कंपनीच्या तयार क्यू, पुढे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी यांच्याकडून खाचकाम झालेलं लाकूड घेऊन ते पुढचं काम करत. त्यांचं नाव झालं ते तोल आणि जोडणीवर. ऑर्डर देताना नक्षीआधी तोलाचं बोला: मागच्या टोकापासून १८ ते १९ इंचांवर क्यू बोटावर स्थिर राहिली की बहुतेकांच्या हाताला बसते.

लाकडांची नावं परदेशी वाटली तरी गोतावळा ओळखीचा आहे. आबनूस आपल्या तेंदूच्या वंशातला. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात तोच. कोकोबोलो हा मध्य अमेरिकेतला शिसवीचा भाऊबंद. हा संपूर्ण वंश २०१७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परवाना-यादीत आहे, तेव्हा बाहेरून अशी क्यू मागवताना कागदपत्रांची चौकशी आधी करावी. जुन्या क्यूत हस्तिदंताचं फेरूल असेल तर त्या वाटेला जाऊच नये.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात मात्र क्यूचा खरा कस लागतो. कोरड्या वर्कशॉपमध्ये कातलेला मेपल जुलैच्या हवेत पाणी पितो, पार्लरच्या एसीत ते सोडतो, आणि या ये-जा करण्यात बाक धरतो. भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका, गाडीत तर मुळीच नको. कडक केसमध्ये, जॉइंटला टोपणं लावून, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. बाक तपासताना जोडलेली क्यू टेबलावर लोळवून निकाल देऊ नये. आधी शाफ्ट एकटा लोळवावा, मग बट. दोन्ही सरळ असून जोडल्यावर उडी दिसली तर दोष जॉइंटच्या तोंडाचा, बऱ्याचदा तिथे चिकटलेल्या मळाचा. शाफ्ट चिकट झाला की ओलसर पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्याने घासावा. पॉलिश पेपर दर आठवड्याला लावणाऱ्यांचे तेरा मिलिमीटरचे शाफ्ट वर्षभरात बारीक होतात आणि ते दोष देतात लाकडाला. घाम फार येत असेल तर तीन बोटांचा हातमोजा स्वस्त पडतो.

आपली क्यू बघून कोणीतरी 'एक शॉट मारू का' असं विचारतंच. खुशाल द्यावी. ब्रेकसाठी मात्र पार्लरचीच काठी पुढे करावी. फोडायच्या फटक्याने मऊ टिप दबते, आणि फेरूलला चीर गेली की ते बदलायला शाफ्ट कारागिराकडे पाठवावा लागतो.