बेचाळीस किलोमीटर, सावकाश

मॅरेथॉनच्या तयारीत सगळ्यात अवघड काय गेलं असं कुणी विचारलं, तर मी "हळू धावणं" असंच सांगते. लोकांना वाटतं, पहाटे उठणं अवघड असेल, किंवा ते लांबलचक अंतर. पण पहाटे उठून डबे भरायची सवय आम्हा नोकरी करणाऱ्या बायकांना असतेच, आणि अंतरही वाढवत नेलं की अंगवळणी पडतं. दम न लागता, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा संथ गतीनं दोन-दोन तास धावत राहायचं, मागून आलेले खुशाल पुढे जाऊ द्यायचे आणि आपली गती सोडायची नाही, हे शिकायला मला अख्खा पावसाळा लागला.

मी ठाण्यात राहते, एका सहकारी बँकेत नोकरी करते. चाळिशी उलटल्यावर रक्तातली साखर सीमेवर आली, म्हणून उपवन तलावाकाठी चालायला लागले. चालण्याचं धावणं झालं, मग दहा किलोमीटर, मग हाफ मॅरेथॉन, म्हणजे 21.1. मुंबई मॅरेथॉनच्या फुलला, म्हणजे बेचाळीस किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनला, नाव द्यायचं तर आधी पूर्ण केलेल्या शर्यतीचं टायमिंग सर्टिफिकेट जोडावं लागतं. ते हाताशी होतं. उन्हाळ्यात आमच्या धावण्याच्या गटाच्या सरांना विचारलं, "या जानेवारीला फुल धावू का?" ते म्हणाले, "धावा की. पण आजपासून तुमची गती मी ठरवणार."

सर माझ्यापेक्षा वयानं बरेच लहान. त्यांची परीक्षा घ्यायची पद्धत अशी, की बाजूनं धावत यायचं आणि म्हणायचं, "ताई, वालाच्या बिरड्याची कृती सांगा." मी सुरू करायची. वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे... 'सोलायचे'पर्यंत आवाज तुटला की सर हात खाली करून गती कमी करायला सांगत. गूळ आणि आमसूल पडून वरून खोबरं-कोथिंबीर येईपर्यंत वाक्य अखंड राहिलं तर गती बरोबर. हातात घड्याळ होतं, नाडीचे ठोकेही दाखवायचं, पण मला ही परीक्षाच जास्त भरवशाची वाटली.

यामागचं शास्त्र त्यांनी नीट समजावलं होतं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा जो साठा असतो, तो साधारण तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पुरतो. तो संपला की पाय एकदम जड होतात, डोकं चालत नाही. धावणारे त्याला 'वॉल' म्हणतात. जोरात धावलं की हा साठा भराभर जळतो. संथ धावलं की शरीर चरबीही वापरतं आणि साठा जपून राहतो. महिनोन् महिने असं धावत राहिलं की स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. शिवाय हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, पण हाडं आणि स्नायुबंध मागून येतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. बेचाळीस किलोमीटरची तयारी म्हणजे बरीचशी हा वेळ देणं.

हळू धावण्याचा आणखी एक फायदा मला अनपेक्षितपणे मिळाला, तो म्हणजे गप्पा. रविवारी पहाटे पाचला येऊरच्या डोंगराच्या गेटपाशी जमायचं, चढ चढून वर जायचं, उतरून घोडबंदर रोडला लागायचं. आमच्यात साठी ओलांडलेले एक काका आहेत, बेळगावकडचे. फडेप्पा चौगुल्यांची गोष्ट त्यांनीच सांगितली. 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावच्या चौगुल्यांनी मॅरेथॉन धावली आणि 2 तास 51 मिनिटांच्या आत एकोणिसावा क्रमांक मिळवला. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहून दोराबजी टाटांनी भारताच्या त्या ऑलिंपिक संघासाठी खटपट केली, पैसे घातले. तेव्हा 42.195 हे अंतर अजून पक्कं व्हायचं होतं. 1908च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदा धावलं गेलं, पण कायमचं ठरलं 1921 साली. अँटवर्पला तर त्याहून थोडं जास्तच धावावं लागलं होतं. काका हे सांगत होते तेव्हा येऊरचा सगळ्यात उभा चढ चालला होता आणि तो कधी संपला ते कळलंही नाही.

दुसरी गोष्ट आमच्या गटातल्या एका मुलीनं सांगितली, आणि ती मला फार लागली. बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन सुरू झाली ती 1984 साली, लॉस एंजेलिसला. म्हणजे मी बालवाडीत जात होते तेव्हा! त्याआधी कित्येक वर्षं बाईचं शरीर एवढं अंतर सोसणार नाही, असं शहाणीसुरती माणसं मानत होती. आणि आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर याच मुंबई मॅरेथॉनमध्ये 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आली. दुष्काळी भागातून येऊन ती पुढे रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. या गोष्टींनी पाय हलके होतात, हे मी अगदी मनापासून सांगते.

जुलैत ठाण्यात पाऊस असा कोसळतो की रस्ता आणि नाला यांतला फरक कळत नाही. ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, दोन तासांनी बोळे बदलायचे. दोन जोड असले तर आलटूनपालटून वापरता येतात, आणि हा खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे. महागड्या घड्याळाशिवाय भागतं, चांगल्या बुटांशिवाय भागत नाही. ओल्या कपड्यांनी काखेत, मांड्यांना आणि अंतर्वस्त्राच्या पट्टीखाली कातडी सोलवटते. तिथे निघण्याआधी व्हॅसलीन भरपूर लावायचं. बायका हे एकमेकींनाही मोकळेपणी सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते. पाळीच्या दिवसांतही धावून पाहावं, शर्यतीची तारीख आपल्याला विचारून ठरलेली नसते.

सप्टेंबरात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी नडगीच्या हाडावरून अंगठा हळूहळू दाबत नेला. दुखणं बोटभर जागेत एका बिंदूवर असेल तर हाडाला बारीक चीर असण्याची शंका घ्यायची. माझं वीतभर पसरलेलं होतं, म्हणजे स्नायूंच्या ओढीचं. काही दिवस धावणं बंद, सायकल चालू. जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, शिवाय कमरेचे आणि मांड्यांचे व्यायाम. पोटऱ्यांना बळ आलं तशी नडगी शांत झाली. ते व्यायाम मी आजही सोडलेले नाहीत.

दिवाळीनंतर लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, वाढत गेले. दर तीन आठवडे वाढवायचं, चौथ्या आठवड्यात कमी करायचं. सगळ्यात लांब धाव बत्तीस किलोमीटरची, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर टेपर, म्हणजे धावणं कमी करत आणायचं. या लांब पल्ल्यांत पोटाची तालीमही करायची असते. बाजारात धावताना घ्यायचे साखरेचे जेल मिळतात, पण मला त्यांनी मळमळायचं. सासूबाईंनी विचारलं, "धावताना पोटात घालता काय तुम्ही?" मी सांगितल्यावर त्यांनी बिया काढलेले खजूर कुटून, किंचित मीठ आणि लिंबू घालून सुपारीएवढ्या गोळ्या केल्या. दर पाऊण तासाला एक तोंडात ठेवायची, वर दोन घोट पाणी. हे मला मानवलं. पाण्याचंही तारतम्य लागतं. तहान नसताना पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते धोक्याचं असतं, म्हणून मीठ-साखरेचं पाणी आणि साधं पाणी आलटूनपालटून.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांत नुकतीच झालेली. घरात तिळाच्या वड्या, गुळाच्या पोळ्या. मी तीळगूळ घेतला तो कपाळाला लावण्यापुरता, कारण त्या आठवड्यात नवं किंवा पचायला जड काही खायचं नाही, हा नियम. आदल्या दिवशी बीकेसीला जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणलं, दुपारी वरणभात, रात्री लवकर बटाट्याची भाजी आणि भात. उसळ नाही, कोशिंबीर नाही.

त्या दिवशी मध्य रेल्वे कल्याणहून पहाटे तीनच्या सुमाराला विशेष लोकल सोडते. ठाण्याच्या फलाटावर सगळे टी-शर्ट-बुटातले, छातीवर नंबर. डब्यात कुणी केळं सोलतंय, कुणी गुडघ्याला पट्टी लावतंय. एका मुलाचे हात थरथरत होते, त्याच्या बिबच्या चारही पिना शेजारच्या अनोळखी आजोबांनी लावून दिल्या. सीएसएमटीला उतरलो तेव्हा स्टेशनच्या इमारतीवर दिवे होते आणि रस्त्यावर माणसांचा समुद्र.

पाचला शर्यत सुटली. प्रत्यक्ष रेषा ओलांडायला मला दहाएक मिनिटं लागली, पण बिबमधली चिप तिथूनच वेळ मोजते. मरीन ड्राइव्हच्या अंधारात शेकडो लोक मला मागे टाकून गेले. गार वारा, ढोल, टाळ्या, अंगात ताजी ताकद. इथेच बहुतेकांची शर्यत बिघडते, कारण जोरात धावणं तेव्हा सगळ्यात सोपं असतं. मी मनात बिरडं शिजवत राहिले. पेडर रोडचा पहिला चढ, हाजी अली, वरळी.

सी-लिंकवर चढले आणि उजव्या हाताला माहीम-दादरच्या किनाऱ्यामागून उजाडायला लागलं. एरवी या पुलावर पायी जायला बंदी. बघ्यांनाही प्रवेश नसल्यानं बँड नाही, आरडाओरडा नाही, फक्त हजारो बुटांचा आवाज. निम्मं अंतर वांद्र्याच्या आसपास संपतं. तिथून माहीम, मग शिवाजी पार्क. इथे लोक घरातून ताटं घेऊन उतरलेले असतात. मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी, केळ्याचे तुकडे, चिक्की, बर्फ. एक आजी खुर्चीत बसून प्रत्येकाचा बिबवरचा नंबर मोठ्यानं वाचून "शाब्बास!" म्हणत होत्या. माझाही वाचला.

वरळीच्या आसपास मागून मोटारसायकलींचा आवाज आला आणि बाजूच्या मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यातून आफ्रिकी धावपटू निघून गेले. ते आमच्यानंतर दोन तासांहून जास्त वेळानं सुटलेले, ताशी जवळजवळ वीस किलोमीटरच्या गतीनं धावणारे. खांदे सैल, चेहरे शांत, पाय जमिनीला लागतात न लागतात. त्या गतीतही त्यांच्यात घाई नव्हती. टीव्हीवर हे दिसत नाही.

हाजी अलीपर्यंत ऊन चढलं होतं. मीठ सुकून कानशिलावर खरखर लागत होतं, मांड्या दगडासारख्या. मग पेडर रोडचा तो परतीचा चढ, छत्तीस किलोमीटरच्या आसपासचा. उंची फार नाही, पण येतो तो नेमका साठा संपायच्या वेळी. आजूबाजूला बहुतेक जण चालत होते, काही जण कठड्याला धरून पोटऱ्यांवर स्प्रे मारून घेत होते. सर म्हणाले होते, "चढावर पावलं लहान, नजर दहा फुटांवर, हात हलवत ठेवा, पाय आपोआप येतील." मी तसंच केलं. येऊरला हेच करत आले होते. वर पोचेपर्यंत मी एकदाही थांबले नाही, आणि पहाटे मला मागे टाकून गेलेले कितीतरी टी-शर्ट त्या चढावर मागे पडले. कुणाला हरवल्याचा आनंद नव्हता तो. महिनोन् महिने ज्यावर विश्वास ठेवला ते खरं निघालं, याचा होता.

मरीन ड्राइव्हचे शेवटचे किलोमीटर मात्र खरोखर दुखले. सरळ, सावली नसलेला रस्ता, उजवीकडे समुद्र झगझगतोय आणि वळण जवळ येत नाही. तिथे गती घसरली. पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत, मग त्याच्या पुढच्या, अशी धावत चर्चगेटचं वळण घेतलं. चिपप्रमाणे 5 तास 24 मिनिटं. रेषेपलीकडे नवरा आणि मुलगा भेटले, मुलानं माझ्या गळ्यातलं पदक उचलून वजन पाहिलं, आणि मला रडू आवरेना.

त्यानंतरच्या आठवड्यात नुसतं चालले, जिना उतरताना कठडा धरून. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं, ते यथावकाश पडेल आणि नवं येईल. पंधरवड्यानं उपवनला सावकाश पाच किलोमीटर धावले. पुढच्या जानेवारीला पुन्हा नाव देणार आहे. सरांशी बोलणं झालंय, या वेळी तीसच्या पुढच्या भागासाठी लाँग रनचे शेवटचे काही किलोमीटर थोड्या वाढत्या गतीनं करायचे. आधीचे सगळे मात्र संथच.