मैदानभेटींची चौदावी नोंद : ड्रॉनफील्ड

इंग्लंडमधील खालच्या स्तरांवरील फुटबॉल क्लबांची मैदाने पाहण्याचा जो छंद मी गेल्या हंगामापासून जोपासला आहे, त्यातली ही चौदावी नोंद; मात्र तिच्याआधी तेराव्या नोंदीतली चूक दुरुस्त करणे भाग आहे. शेफील्डच्या पश्चिमेकडील सँडीगेट मैदान पाहून आल्यावर ‘जगातील सर्वांत जुन्या क्लबचे घर पाहिले’ असे मी मोठ्या उत्साहाने वहीत लिहिले होते. वस्तुतः सँडीगेट हे हॅलम एफसीचे मैदान आहे, तर सर्वांत जुना क्लब म्हणजे 24 ऑक्टोबर 1857 रोजी नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी स्थापन केलेला शेफील्ड एफसी. या दोन क्लबांमधला पहिला सामना 26 डिसेंबर 1860 रोजी सँडीगेटवरच झाला आणि शेफील्डने तो 2-0 असा जिंकला, एवढाच काय तो माझ्या गोंधळाला आधार.

त्यामुळे या वेळी मुद्दाम शेफील्ड एफसीचे मैदान असलेले ड्रॉनफील्ड गाठले. शेफील्डच्या दक्षिणेला असलेले हे छोटे गाव डर्बीशायर परगण्यात मोडते. म्हणजे नावात शहर मिरवणारा हा क्लब 2001 पासून त्या शहराच्या आणि परगण्याच्याही हद्दीबाहेर खेळतो आहे. मैदानाला लागूनच ‘कोच अँड हॉर्सेस’ हा पब आहे आणि अनेकजण मैदानालाही त्याच नावाने ओळखतात. कठड्याला टेकून उभे राहिले की गोलरक्षकाने बचावपटूंना दिलेली प्रत्येक हाक, काही सभ्य आणि बरीचशी असभ्य, स्पष्ट ऐकू येते. मोठ्या स्टेडियममध्ये हे सुख नाही, आणि माझ्या छंदाचे निम्मे कारण तेच आहे.

परतीच्या गाडीत वही भरताना मला सर्वाधिक वेळ लागला तो हा क्लब मागे का पडला हे मांडताना. कॉर्नर किकसारख्या गोष्टी ज्या शेफील्ड नियमांतून आजच्या खेळात आल्या, ते नियम याच क्लबने 1858 मध्ये लिहून काढले होते. पण 1885 मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाल्यावर क्लबने हौशीच राहण्याचे ठरवले, आणि पगारी खेळाडू बाळगणारे संघ पाहता पाहता पुढे निघून गेले. हौशी संघांसाठीचा एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) अ‍ॅमॅच्युअर चषक त्याने 1904 मध्ये ईलिंगला 3-1 असे हरवून जिंकला. 1977 मध्ये एफए व्हाझ या खालच्या स्तरांवरील क्लबांच्या चषकस्पर्धेच्या अंतिम फेरीत मात्र बिलेरिकेकडून फेरसामन्यात हार पत्करली. इंग्लिश फुटबॉलच्या आठव्या स्तरावर बढती मिळाली ती 2007 मध्ये. त्याच वर्षी, दीडशेव्या वर्धापनानिमित्त शेफील्डमधील ब्रॅमल लेन मैदानावर इंटर मिलानशी झालेल्या सामन्याला पेले उपस्थित होते.

नियमांच्या हस्तलिखितासह क्लबची जुनी कागदपत्रे 2011 मध्ये लिलावात 8,81,250 पौंडांना विकली गेली. निधीची निकड मला समजते, तरीही ती विकायला नको होती असेच माझे मत आहे.

पुढील भेट पुन्हा सँडीगेटलाच द्यायची आहे, कारण तिथल्या मैदानाचा ठळक उतार मी त्या दिवशी चुकीच्या समजुतीच्या भरात नीट टिपलाच नव्हता.