पोळ्याच्या करीला भरणारी आमची शाळा

पोळ्याच्या दिवशी गावात मान बैलांचा, आणि दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या शाळेत मान आई-बापांचा. गेली चौदा वर्षं हे असंच चाललंय. खंड पडला तो दोनदाच, २०२० आणि २०२१ ला. कोरोनात शाळाच बंद होती, तेव्हा इलाज नव्हता.

केंद्रातले इतर शिक्षक मला दरवर्षी विचारतात, "बाई, पालकांचा कार्यक्रम जानेवारीत स्नेहसंमेलनातच उरकून का घेत नाही? मांडव एकदाच घालावा लागेल." अहो, जानेवारीत आमच्या गावात आई-बाप असतात कुठे? बीड जिल्ह्याच्या शिरूर कासार तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं हे ऊसतोड कामगारांचं गाव. दसरा होतो, दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात आणि निम्म्याहून जास्त घरांना कुलपं पडतात. कुणी कोल्हापूरला, कुणी सांगलीला, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजदाद. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे ती फिटेपर्यंत आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत, मार्च-एप्रिल उजाडेपर्यंत, माणूस परत येत नाही. मागं राहतात म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहात जेवणारी पोरं. ज्यांना मागं ठेवायला घरात कुणीच नाही, ती पोरं तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड घेऊन आई-बापांबरोबर उसाच्या फडावर जातात.

म्हणून आमचा दिवस श्रावण संपता संपता. पोळा आणि पिठोरी अमावस्या एकाच दिवशी येतात, आणि पिठोरी म्हणजे आपला मातृदिन. त्या दोन दिवसांत गावात प्रत्येक घर भरलेलं असतं. आदल्या दिवशी बैलांच्या अंगावर घातलेल्या झुली धुऊन, वाळवून आमच्या व्यासपीठाला मागून लावतात. पडदा विकत आणायची गरज आम्हाला कधी पडली नाही. त्या झुलींना बैलांचा वास असतो. मला तो आवडतो.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ हे सगळं होतंच. ते कुठल्याही शाळेत जसं होतं तसंच होतं. मुख्याध्यापक दरवर्षी पुंडलिकाची गोष्ट सांगतात. आई-बापांचे पाय चेपत होता म्हणून दारात आलेल्या देवाकडे त्यानं वीट फेकली, आणि देव त्या विटेवर अठ्ठावीस युगं उभा राहिला. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट, पण एका वर्षी तिसरीतला एक मुलगा मधेच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मग मुकादमाची गाडी आली की तिला पण वीट टाकायची का? थांबंल का ती?" आधी सगळे हसले. मग हळूहळू हसू थांबलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि गोष्ट तिथंच सोडून दिली. मी पुढचा कार्यक्रम पुकारला, पण माझाही आवाज नीट निघत नव्हता.

सुरुवातीची तीन वर्षं आम्ही पाद्यपूजन ठेवलं होतं. रांगेत पाट मांडायचे, पोरांनी आईच्या पायांवर पाणी घालायचं, हळद-कुंकू लावायचं, फूल वाहायचं. तिसऱ्या वर्षी पाटावर बसलेल्या एका आईनं पाय साडीखाली ओढून घेतले आणि काही केल्या ती ते बाहेर काढेना. मला वाटलं लाजतेय. मी जवळ जाऊन बसले, तेव्हा तिनं हळूच साडी सारून दाखवलं. तोडलेल्या उसाच्या खोडक्यांनी दोन्ही नडग्यांवर चिरल्याचे वण होते, आणि एका टाचेची भेग इतकी खोल होती, की तिच्यात घरच्या मेणाची वात भरलेली होती. "पोराला न्हाई दाखवलं कधी, वो बाई. आता सगळ्या गावापुढं कशाला?" तिचा मुलगा हातात तांब्या घेऊन तसाच उकिडवा बसून होता. त्यानं पाणी घातलं नाही. तांब्या बाजूला ठेवला आणि आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यानंतर आम्ही पाद्यपूजन बंद केलं. कुणाला ते पटलं नाही, संस्कार बुडवले असंही बोलून झालं, पण मला त्या निर्णयाचा आजही अभिमान आहे.

त्याच्या जागी आलं ते ताट. पिठोरीच्या दिवशी आमच्याकडे माय खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरते आणि मागं न बघता विचारते, "अतीत कोण?" अतीत म्हणजे अतिथी. मागून लेकरू म्हणतं, "मी!" आणि ताट घेतं. घरोघरी चालणारी ही रीत आम्ही करीच्या दिवशी शाळेच्या पटांगणात आणली. पन्नास-साठ आया पाठमोऱ्या बसतात, डोक्यावर ताटं, आणि एकदम आवाज उठतो, "अतीत कोण?" पोरांनी फक्त "मी" म्हणायचं नाही, एक वाक्य जोडायचं, असं आम्ही ठरवलं. "मी, जिला तू रात्री बारा वाजता फडावरून फोन करतीस." "मी, ज्याचं दप्तर तू पोत्याचं शिवलंस." "मी, जो तुला उलट बोलतो." ही वाक्यं आम्ही लिहून देत नाही. बाई असून सांगते, लिहून दिलेलं भाषण मला पहिल्या ओळीतच कळतं आणि माझं लक्ष उडतं.

एका वर्षी चौथीतल्या एका मुलीची आई नव्हती, आजीही अंथरुणाला खिळलेली. मुलगी मागच्या भिंतीला टेकून उभी. पोषण आहार शिजवणाऱ्या आमच्या मावशींनी ते पाहिलं. त्यांनी कढईजवळच हात पुसले, ताट घेतलं, रांगेच्या टोकाला जाऊन पाठमोऱ्या बसल्या आणि इतक्या मोठ्यानं "अतीत कोण?" म्हणाल्या, की सगळ्या रांगेनं वळून पाहिलं. मुलगी पळत गेली. तेव्हापासून मावशींचं ताट रांगेत पहिलं असतं. त्यांच्यामागं कधी एक लेकरू असतं, कधी चार.

आमच्या बोलीत आईला कुणी "आभारी आहे" म्हणत नाही. ते व्यासपीठावरचं बोलणं. घरात आपण "दमलीस का गं?" विचारतो, नाहीतर तिच्या हातातली घागर घेतो. माझी मायही ऊसतोडीला जायची. मी कोपीत, फडावरच्या झोपडीत, धाकट्या भावाला झोळीत झोके देत बसलेली असायची, आणि तिला कधी काही म्हणायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. ताटाच्या पहिल्या कार्यक्रमाला मी तिला घेऊन आले. "मला कशाला तिथं, मी का या शाळेची हाय?" म्हणत ती मागच्या रांगेत बसली. सूत्रसंचालन सोडून मी तिच्यामागं जाऊन उभी राहिले. तिच्या डोक्यावर ताट नव्हतं. तिनं तरी विचारलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. मनोगतं. शाळेत मनोगत म्हटलं की पोरं "माझी आई थोर आहे, ती मायेचा सागर आहे" वगैरे सुरू होतात. ती भाषणं वाईट नसतात, पण कुठल्याही आईला लागू पडतात. मला दरवेळी हलवून जातं ते पाहिलेलं बोलणारं लेकरू. २०२४ च्या करीला सातवीतली एक मुलगी उठली, हातात वहीचं फाडलेलं पान. म्हणाली, "माझे आई-पप्पा डोकी सेंटरला आहेत, म्हणजे ऊस तोडून मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरतात. एका टनाला आधी २७३ रुपये मिळायचे, गेल्या हंगामात वाढून ३६६ झाले. माझी सायकल ५,१०० रुपयांची आहे. म्हणजे चौदा टन ऊस. दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडतात, म्हणजे सात दिवस. एक मोळी पस्तीस किलोची धरली तर चारशे मोळ्या झाल्या. चारशे वेळा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. म्हणून मी सायकल रोज पुसते."

एवढंच. "जय हिंद, जय महाराष्ट्र" सुद्धा न म्हणता खाली उतरली. पटांगणात कुणी टाळी वाजवेना. आणि आयांच्या रांगेतून तिची आई मोठ्यानं म्हणाली, "चारशे मी एकटीनं न्हाई वाहिल्या गं. निम्म्या तुझ्या पप्पानं." सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या. तो गडी तिथं मोटारसायकलला टेकून उभा होता. पोरीनं खूण केली तशी आत आला आणि सतरंजीच्या कडेला बसला.

बापांबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी दरवर्षी माइकवरही करते. आया येतात, दीडशेच्या घरात येतात, धुणं-भांडी टाकून येतात. बाप पारावर बसतात. एका वर्षी मी मोजले, सतरा. त्यात चार पोरांना सोडायला आलेले. एकदा तर ऐन करीलाच उचलीची बैठक लावली गेली, आणि निम्मं गाव तिकडं. ती बैठक आदल्या दिवशी घ्या, नंतर घ्या, म्हणून आम्ही हात जोडले होते. पाहुणे सत्कार झाला की "पुढं एक कार्यक्रम आहे" म्हणून निघतात, म्हणजे नेमकी मनोगतं ऐकायला कुणीच नाही. आता मी सत्कार शेवटी ठेवते. आणि पुण्यात नोकरीला लागलेली आमचीच मुलं व्हॉट्सॲपवर "शाळेचा अभिमान वाटतो" लिहितात. वाटतो तर या ना. शाळेच्या पायरीवर बसायला तुम्हाला निमंत्रण लागतं का?

पण सातवीच्या त्या मुलीनंतरच्या वर्षी बाप एकोणसाठ आले. मी दोनदा मोजले.

कुणाकुणाचं नाव घ्यावं? एखादं राहिलं तर वर्षभर जिवाला टोचणी, म्हणून कामावरून सांगते, ज्याचं त्याला कळेल. मांडवाचे पैसे न घेणारे आणि बांबू स्वतः रोवणारे काका. गिरणी बंद ठेवून माइक लावणारा पोरगा, आणि लाइट गेली की जनरेटर घेऊन येणारा त्याचा चुलता. बचत गटाच्या बाया, ज्या पहाटे चारला उठून पुऱ्या लाटतात. ती रांगोळी काढणारी अंगणवाडीची ताई, आणि तिची मदतनीस, जिला आपण रांगोळीच्या आभारात नेहमी विसरतो. खिरीला दूध घालणारी तीन घरं. पाण्याचा टँकर आणणारे ट्रॅक्टरवाले दादा. चक्कर आली म्हणून कुणी पडू नये यासाठी कडेला बसून राहणाऱ्या आशाताई. शाळा व्यवस्थापन समितीच्या सगळ्या सदस्या, विशेषतः त्या, ज्यांना सही येत नव्हती आणि आता येते. आमचे सेवानिवृत्त मामा, जे शिपाई म्हणून गेले पण घंटा द्यायला दर करीला येतात. वसतिगृहाचा हिशोब रात्री बसून लिहिणारे सर. आणि झुली देणारी सगळी घरं, ज्यांत आता दोन घरी बैल उरले नाहीत, पण झूल जपून ठेवलीय आणि ती न चुकता येते. हां, सतरंज्या! सतरंज्या देवळाच्या. पुजारीबाबांनी त्यांचं भाडं कधी घेतलं नाही. हे लिहून झाल्यावर आठवलं, बरं झालं आठवलं.

गेल्या जानेवारीत रात्री साडेनऊला फोन आला. सातवीतल्या त्या मुलीची आई. मुलगी आता आठवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाते, त्याच सायकलवर. "बाई, तुमी ते तिचं भाषण पाठवलं व्हतं ना मोबाइलवर. मोबाइल पाण्यात पडला, सगळं गेलं. परत पाठवता का? ह्यांना पण पाह्यजे." मी शोधलं. दीड मिनिटाचं आहे, मधे कुणाचं तरी लेकरू रडतं, शेवटी आईचा आवाज आहे, "निम्म्या तुझ्या पप्पानं." पाठवलं आणि झोपले. सकाळी उठून पाहिलं, तर निळ्या खुणा आल्या होत्या. वेळ ३.४० ची. फडावर निघण्याआधीची.